गळतीचा चटका कोणाला बसतो?

मला आलेला प्रश्न असा आहे: लाखभर वस्तीच्या आमच्या गावात पाणीपुरवठा आणि भुयारी गटार, दोन्ही २५ वर्षांसाठी एका खासगी कंपनीकडे द्यायचा ठराव नगरपरिषदेत येतो आहे. एक गट म्हणतो, बोलिव्हियात झालं तेच इथे होईल, पाणी पैसेवाल्यांचं होईल. दुसरा म्हणतो, पालिकेकडेच राहिलं तर चार दिवसांआड पाणी नातवंडांनाही चुकणार नाही. मग सरकारी बरं की खासगी?

मी एकतीस वर्षं पाण्याच्या कामात काढली. चोवीस सरकारी नोकरीत, पुढची सात एका ठेकेदार कंपनीत. दोन्ही घरचं जेवलो आहे आणि दोन्हीकडच्या भातात खडा लागला आहे. त्यामुळे मालक कोण, हे मी आधी विचारत नाही. आधी विचारतो, तुमच्या गावात पाणी वाया गेलं की खिसा कोणाचा हलका होतो?

नोकरीतल्या एका गावाचं सांगतो. जॅकवेलवर, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीवर, लॉगबुक होतं आणि रोजचा पाणीउपसा त्यात इमानेइतबारे लिहिलेला असायचा. आकडा रोज तोच. ज्या दिवशी नऊ तास वीज नव्हती त्या दिवशीही तोच. एकूण उपसा मोजणारा बल्क मीटर बसवला होता, पण तो बंद पडून बरीच वर्षं झाली होती. म्हणून पंपाची कागदावरची क्षमता आणि ‘नेहमीचे तास’ यांचा गुणाकार करून रकाना भरायचा, अशी वहिवाट पडली होती. आम्ही भाड्याने अल्ट्रासोनिक मीटर आणून मुख्य वाहिनीला लावला. दोन आकड्यांतली तफावत पाहून आमचे वरिष्ठ म्हणाले, “मीटर परत करून टाका, भाडं चढतंय.”

तो गृहस्थ वाईट नव्हता. त्या गावात गळतीने कोणाचंच काही बिघडत नव्हतं, एवढंच. अर्ध्या इंची नळाची वर्षाची पाणीपट्टी ठरलेली, कमी वापरा की जास्त. कर्मचाऱ्यांचा पगार ठरलेला. पंपाचं वीजबिल थकायचं आणि मार्चमध्ये कुठल्या तरी अनुदानातून भागवलं जायचं. नगरसेवकाला पाणीपट्टी न वाढवल्याचं श्रेय मिळायचं. चटका बसायचा तो वाहिनीच्या टोकाच्या घरांना, जिथे रात्री दोन वाजता करंगळीएवढी धार यायची. आणि वरच्या आळीतल्यांनी नळातून पाणी खेचणारे टुल्लू पंप लावले की तीही बंद.

आता नॉमपेन्हकडे या. खासगीकरणाच्या विरोधातले लोक कंबोडियाच्या या राजधानीचं नाव घेतात, आणि घ्यायलाच हवं, फक्त अर्धी गोष्ट सांगून थांबू नये. युद्ध आणि ख्मेर रूजच्या राजवटीतून शहर नुकतं सावरत होतं. १९९३ साली एक सोन चान यांच्याकडे तिथल्या जलप्राधिकरणाची सूत्रं आली तेव्हा उत्पादन केलेल्या पाण्यापैकी ७२ टक्के पाण्याचा पैसाच मिळत नव्हता. काही गळत होतं, काही चोरलं जात होतं, काहीचं बिलच निघत नव्हतं. पाणी दिवसातून दहाएक तास यायचं. पुढच्या पंधरा वर्षांत ते ७२ टक्के सहाच्या आसपास आले आणि नळाला चोवीस तास पाणी आलं. आपल्या केंद्र सरकारच्या निकषांत २० टक्क्यांपर्यंतची तूट चांगली मानतात, हे लक्षात घ्या.

हे काम सरकारी संस्थेने केलं. कसं? १९९६च्या अखेरीस सरकारने तिला स्वायत्तता दिली. म्हणजे वसूल झालेला पैसा शहराच्या सामायिक तिजोरीत जाणार नाही, प्राधिकरणाच्याच खात्यात राहील, आणि खर्चही त्यातूनच भागवायचा. प्रत्येक जोडणीला मीटर. कर्मचाऱ्यांचे पगार वाढवले आणि कामगिरीशी बांधले. चोरीत हात असलेल्यांना काढलं, चोरीची खबर देणाऱ्या नागरिकाला बक्षीस दिलं. ग्राहकांची यादी घरोघर जाऊन नव्याने केली, तेव्हा यादीत असलेली कित्येक घरं जागेवर नव्हती आणि जागेवर असलेली कित्येक यादीत नव्हती. गरीब वस्त्यांत जोडणीच्या खर्चात सवलत दिली. त्या घरांना फेरीवाल्याकडून पाणी विकत घेण्यापेक्षा नळाचं बिल स्वस्त पडू लागलं. बिल न भरणाऱ्या एका सेनाधिकाऱ्याचा नळ तोडायला गेले तेव्हा त्याने चान यांच्यावर बंदूक रोखली, ही हकीकत त्यांनीच पुढे अनेकदा सांगितली. नळ तुटलाच. २००६ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दरवाढीचा त्यांचा अनुभव मी प्रत्येक नगराध्यक्षाला ऐकवत आलो आहे. तीन टप्प्यांत दर वाढवायचे ठरलं होतं. दोन टप्पे झाले. तिसरा करावाच लागला नाही, कारण गळती आणि थकबाकी आटोक्यात आल्यावर असलेल्या दरातच खर्च भागू लागला. आपल्याकडे उलटा क्रम असतो: आधी दरवाढ, मग ‘टप्प्याटप्प्याने सुधारणा’.

म्हणजे संस्था सरकारी राहूनही वाया गेलेल्या प्रत्येक घनमीटरचा चटका तिला बसत होता. तुमच्या पालिकेचा पाणीपुरवठ्याचा पैसा कुठल्या खात्यात जातो, हे आधी विचारा. सामान्य निधीत जात असेल तर नॉमपेन्हचं नाव घेणं सोडून द्या.

मनिलाची गोष्ट याच काळातली, पण खासगी. १९९७ साली फिलिपाइन्स सरकारने राजधानीचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग करून दोन कंपन्यांना २५ वर्षांसाठी दिले. निविदेची अट होती, सगळ्यात कमी दर जो मागेल त्याला काम. तेव्हाचा दर घनमीटरला ८.७८ पेसो होता. पूर्वेसाठी २.३२ पेसोंची बोली लागली, पश्चिमेसाठी ४.९७. वर्तमानपत्रांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या ठेकेदारी जगात ज्याला ‘बिलो टेंडर’ म्हणतात, त्याचाच हा मोठा भाऊ. आधी काम पदरात पाडून घ्यायचं, दराचं पुढे बघू.

पुढे काय झालं ते बोलीवरून नाही, कर्जाच्या वाटपावरून ठरलं. जुन्या सरकारी संस्थेचं परकीय चलनातलं कर्ज दोन कंपन्यांत वाटलं होतं: पश्चिमेकडे ९० टक्के, पूर्वेकडे १०. त्याच वर्षी आशियाई चलनसंकट आलं आणि डॉलरला २६ पेसो होते ते चाळिशीपार गेले. पश्चिमेची कंपनी कर्जफेडीतच बुडाली, सरकारला द्यायची फी थांबवली, प्रकरण कोर्टात गेलं आणि अखेर २००७च्या सुमारास ती दुसऱ्या मालकांकडे गेली. मधल्या काळात जमिनीखालच्या गळतीकडे बघायला पैसाही नव्हता आणि उसंतही. पूर्वेच्या कंपनीने मात्र ६३ टक्क्यांची तूट ११ टक्क्यांच्या आसपास आणली, कारण वाचवलेलं प्रत्येक घनमीटर ती नव्या ग्राहकाला विकू शकत होती. एकच शहर, एकच निविदा, दोन्ही कंपन्या खासगी. आणि याच पूर्वेच्या भागात मार्च २०१९मध्ये हजारो घरांचे नळ कोरडे पडले, बायाबापड्या बादल्या घेऊन टँकरच्या रांगेत उभ्या राहिल्या. गळती कितीही कमी केली तरी मागणी वाढत असताना पाण्याचा नवा स्रोत वेळेवर उभा राहिला नाही, तर पाणी येणार कुठून?

आता बोलिव्हिया. कोचाबांबा शहराच्या पाण्याचा करार १९९९चा, ४० वर्षांचा. बोली लावणारा एकच गट होता. त्या करारात मिसिकुनी धरणाचा बोजाही होता, आणि धरणाचं पाणी यायच्या कितीतरी आधी बिलं वाढली. जानेवारी २००० पासून काही घरांची बिलं दुपटीच्या घरात गेली. शिवाय सोबत आलेल्या कायद्यामुळे शहराच्या दक्षिण भागातल्या वस्त्यांना धास्ती बसली, की आपण वर्गणी काढून खणलेल्या विहिरी आणि आपल्या पाणीसमित्याही आता कंपनीच्या ताब्यात जाणार. एप्रिलमध्ये आंदोलनात सतरा वर्षांचा एक मुलगा गोळीने मेला. कंपनी गेली, नंतर तिने भरपाईचा आंतरराष्ट्रीय दावा लावला, आणि २००६ साली दोन बोलिव्हियानोंच्या नाममात्र रकमेवर तो सोडून दिला.

व्याख्यानांतून ही गोष्ट सहसा इथेच संपते. पुढे असं झालं: पाणी पुन्हा सरकारी संस्थेकडे आलं, आणि पुढची बरीच वर्षं दक्षिणेकडच्या त्याच वस्त्या टँकरच्या पाण्यावर आणि आपापल्या समित्यांवर जगल्या. संस्थेतली खोगीरभरती आणि गळती होती तशीच राहिली. कंपनी हाकलणं बरोबर होतं असं माझं मत आहे. तो करारच अन्यायाचा होता. पण हाकलल्याने नळाला पाणी येत नाही.

चौथा देश सेनेगल. याचं नाव आपल्याकडे कोणी घेत नाही, पण माझ्या मते तुमच्या ठरावाला सगळ्यात उपयोगी हाच. १९९६ साली त्यांनी काम तीन जणांत वाटलं. वाहिन्या, टाक्या, कर्ज हे सगळं एका सरकारी संस्थेच्या नावावर. रोजचं चालवणं, मीटर वाचणं, बिल वसुली एका खासगी कंपनीकडे. सांडपाणी तिसऱ्या, वेगळ्या संस्थेकडे. कंपनीचा मोबदला मोजायचं सूत्र असं होतं, की गळतीचं आणि वसुलीचं जे लक्ष्य ठरलंय तितकं काम झालं असं धरूनच पाणी मोजायचं. लक्ष्यापेक्षा जास्त गळलं तर ते कंपनीच्या खिशातून, कमी गळलं तर तो तिचा फायदा. या एका वाक्यात कराराचा जीव आहे. मालमत्ता सरकारची राहिली आणि चटका बरोबर त्यालाच बसला ज्याच्या हातात पाना होता.

आपल्याकडचं थोडक्यात. नागपूरचा करार २०१२पासून चालू आहे, २५ वर्षांचा. दर महापालिका ठरवते आणि कंपनीला बिल होऊन वसूल झालेल्या पाण्याच्या युनिटमागे पैसे मिळतात. म्हणजे तत्त्वाने दिशा बरोबर. पण पाच वर्षांत सगळं शहर चोवीस तासांवर आणायचं वचन रेंगाळलं, आणि दरवर्षी आपोआप चढणारा दर लोकांना टोचत राहिला. लातूरमध्ये २००८ साली असाच व्यवस्थापनाचा करार झाला. लोकांनी मीटर आणि अनामत रकमेला विरोध केला आणि तो गुंडाळला गेला. त्या विरोधाला मी अडाणीपणा म्हणणार नाही. पाणी आठवड्यातून एकदा येत असेल तर आधी नळातून हवा येते आणि मीटरचा काटा हवेवरही फिरतो. आधी पाणी मग मीटर की आधी मीटर मग पाणी, हा भांडणाचा मुद्दा खराच होता. एप्रिल २०१६मध्ये त्याच लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. तेव्हा धरणच आटलं होतं. त्या तुटीचं खापर ना खासगीवर फोडता येतं ना सरकारीवर.

आणि कऱ्हाडजवळचं मलकापूर. कोयनेचं पाणी, महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाने उभारलेली चोवीस तासांची योजना, जास्त वापराला चढत्या भाजणीचा दर, दुरून वाचता येणारे मीटर. चालवणारी तेव्हाची नगरपंचायत, आता नगरपरिषद. तिथे गेलात तर एक गोष्ट डोळ्यांत भरेल: घरांत पिंपं, हंडे भरून ठेवलेले नाहीत. पाणी कायम येतं अशी खात्री पटली की माणूस साठवत नाही, आणि शिळं म्हणून सकाळी ओतून देत नाही. चोवीस तास पाणी दिलं की वापर वाढतो, हा सभागृहातला हुकमी आक्षेप तिथेच गळून पडतो. दुसरं, आठवड्यातून एकदा वाहणाऱ्या नळीत उरलेले दिवस गटारातलं पाणी शिरतं. हुबळी-धारवाडमध्ये संशोधकांनी तपासलं तेव्हा खंडित पुरवठ्याच्या भागात नळाच्या जवळपास एकतृतीयांश नमुन्यांत ई-कोलाय सापडले, चोवीस तासांच्या भागात शंभरात एकातही नाही.

आता माझ्या सात खासगी वर्षांतला खडा. आमच्या एका करारात पैसे मिळायचे ते टाकलेल्या पाइपच्या मीटरवर. अनुदानाचे पैसे होते, झपाट्याने खर्च करायचे होते. आम्ही किलोमीटरच्या किलोमीटर नवी वाहिनी टाकली. पण घरोघरच्या जोडण्या जुन्या वाहिनीवरून नव्यावर घ्यायच्या, हे किचकट काम. एकेका दारात भांडण, फरशी फोडायची, वर मोबदला किरकोळ. ते शेवटी ठेवलं आणि शेवट आलाच नाही. जुनी वाहिनी बंद करायची तर त्या घरांचं पाणी तुटतं. म्हणून दोन्ही चालू राहिल्या, आणि जुनी पूर्वीसारखीच गळत राहिली. कागदावर काम ९० टक्के पूर्ण. कंपनीने लबाडी केली असं नाही म्हणता येत. तिला ज्याचे पैसे मिळत होते ते तिने केलं.

सांडपाण्याचं वेगळं सांगायला हवं, कारण तुमच्या ठरावात ते शेपटासारखं जोडलेलं दिसतंय. पाणी आलं नाही तर बाई हंडा घेऊन मोर्चाला येते. मैला नदीत गेला तर खालच्या गावची बाई आजारी पडते, आणि तिचं मत तुमच्या पालिकेत नाही. म्हणून इथे चटका आपोआप कोणालाच बसत नाही. नॉमपेन्हची एवढी कौतुकाची संस्था, पण मैलापाणी तिच्याकडे नाही, आणि शहराचं सांडपाणी दीर्घकाळ दक्षिणेच्या पाणथळीत प्रक्रियेविना जात राहिलं. त्यातच लोक भाजी पिकवतात. मनिलात खासगी कंपन्यांनी पाणी पोचवलं, पण सांडपाण्याच्या वाहिन्या इतक्या मागे राहिल्या की २०१९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही कंपन्यांना आणि सरकारी संस्थेला दंड ठोठावला.

यावर दोन उपाय मी चालताना पाहिले आहेत. एक नागपूरचा. भांडेवाडीला शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीचं वीजकेंद्र विकत घेतं. गिऱ्हाईक आलं की शुद्धीकरण केंद्र बंद ठेवणं परवडत नाही. दुसरा वाईचा. तिथे बहुतेक घरांना सेप्टिक टाक्या. पूर्वी टाकी तुंबली की माणूस गाडी बोलवायचा, पैसे दारातच चुकते व्हायचे. पैसे दारात मिळाल्यावर गाडीवाला मैला रात्री कुठल्या ओढ्यात सोडतो, याची कोणाला पडली आहे? नगरपरिषदेने हे उलटवलं. दर तीन वर्षांनी प्रत्येक टाकी ठरल्या वेळी उपसायची, घरमालकाकडून दारात काही घ्यायचं नाही, पैसे करातून. आणि खासगी ठेकेदाराला मोबदला उपसलेल्या आणि प्रक्रिया केंद्रावर आणून ओतलेल्या मैल्याचा. दाराऐवजी केंद्रावर पैसे, एवढाच बदल. तुमच्या लाखाच्या गावात कोट्यवधींची भुयारी गटार हवीच का, की जुन्या पेठेत गटार आणि बाहेरच्या वसाहतींत वाईसारखी व्यवस्था भागेल, हा प्रश्न ठरावाआधी सुटायला हवा. गटार टाकली आणि घरांनी जोडणीच घेतली नाही, अशी गावं मी मोजणं सोडून दिलं आहे.

तेव्हा ठरावाचा मसुदा हातात आला की प्रस्तावना सोडा आणि थेट मोबदल्याचं कलम काढा. पैसे पाइपच्या मीटरवर आहेत की वसूल झालेल्या पाण्यावर? सुरुवातीची गळती किती धरली आहे आणि ती कोणी मोजली? कंपनीनेच मोजायची असेल तर ती फुगवून दाखवणार, म्हणजे पुढे कमी केल्याचं श्रेय सोपं. वाढत्या वीजदराचा भार कोणावर? धरणात पाणी नसेल तर कंपनीला किमान रक्कम द्यायची आहे का? तसं असेल तर दुष्काळात तुम्ही न आलेल्या पाण्याचे पैसे भराल. सार्वजनिक नळ बंद करणार असतील तर त्या झोपडपट्टीतल्या जोडण्यांचा खर्च कोणाचा? अनधिकृत वस्तीला जोडणी द्यायची मुभा करारात लिहिली नसेल तर कंपनी ती देणार नाही आणि कायद्याचं बोट दाखवेल. आणि करार संपेल किंवा तुटेल तेव्हा ग्राहकांची यादी, वाहिन्यांचे नकाशे, मीटरची नोंद पालिकेला कोणत्या रूपात परत मिळणार? २५ वर्षांत पालिकेतला पाण्याचं काम जाणणारा शेवटचा अभियंता निवृत्त झालेला असतो. मग कंपनी नालायक ठरली तरी तिला काढणार कोण आणि चालवणार कोण?

ठराव पुढे ढकलता आला तर एक वर्ष ढकला, आणि त्या वर्षात जॅकवेल, शुद्धीकरण केंद्र आणि प्रत्येक उंच टाकीच्या बाहेर बल्क मीटर बसवून घ्या. पालिकेच्या पैशाने, पालिकेच्या नावावर. वाचन दर सोमवारी नगरपरिषदेच्या फलकावर लावा. कंपनी आली तरी हे लागतं, नाही आली तरी लागतं.

आणखी एक काम आजच करता येईल. तुमच्याकडे जो सगळ्यात जुना वॉलमन असेल, त्याचं वय विचारा. कोणता व्हॉल्व्ह कुठल्या डांबराखाली गाडला गेलाय, कोणती लाइन १९७२च्या दुष्काळात घाईने टाकलेली, कोणाच्या बंगल्याला दोन जोडण्या, हे सगळं त्याच्या डोक्यात आहे, दुसरीकडे कुठेच नाही. त्याच्याबरोबर एक डिप्लोमावाला पोरगा आणि जीपीएसचा मोबाइल द्या, पंधरा दिवस गावभर फिरवा. त्याला दुपारी उन्हात फिरवू नका, पहाटे पाणी सोडायच्या वेळी फिरवा. तेव्हा त्याला सगळं आठवतं.